यंत्रांची रोजनिशी

गेल्या वर्षींच्या आषाढांतली एक रात्र. एरवीं अकराच्या सुमारास आमच्या चिंचवडच्या घरांत देवघरांतल्या समईवांचून दुसरा दिवा जळत नाहीं. त्या रात्रीं मात्र घराला कुलूप लावून आम्ही सर्व मंडळी, म्हणजे आम्ही स्वतः, आमचें कुटुंब, धाकटे बंधू, भावजय, पुतण्या आणि कॉलेजांत जाणारी पुतणी, भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत एका पत्र्याच्या छपराखालीं बसून पोलादी दांडे मोजीत होतों. बाहेर पाऊस असा कोसळत होता कीं शेजारच्याचें बोलणें ऐकूं येऊं नये. प्रत्येकाच्या हातांत एकेक गेज होतें. गेज म्हणजे ठरीव मापाची पोलादी चिमटी. तिच्या पहिल्या टप्प्यांतून दांडा सहज सरकला पाहिजे आणि दुसऱ्या टप्प्याशीं अडला पाहिजे. पहिल्यांत शिरलाच नाहीं तर तो जाड, दुसऱ्यांतूनही निघून गेला तर बारीक. असे १८०० दांडे होते. पहांटे साडेचारला आमच्या कुटुंबानें शेवटचा दांडा खालीं ठेवला, तेव्हां बाजूला काढलेले वाईट दांडे भरले अवघे ११.

या ११ दांड्यांपायीं १८०० परत आले होते. ज्या बड्या मोटार कारखान्याला बंधू हे दांडे पुरवितात त्याचें नांव घेण्याचें येथें प्रयोजन नाहीं. त्यांच्या पत्रांत प्रश्न तीनच होते: हे दांडे कोणत्या यंत्रावर, कोणत्या दिवशीं व कोणत्या टूलानें कापले गेले? याचें उत्तर देतां आलें असतें तर त्या पाळीचे शंभर-दोनशे दांडे तेवढे परत आले असते. बंधूंस तें देतां आलें नाहीं. कारखान्यांत नोंदवही होती. परंतु ती पाळी संपल्यावर, हात धुऊन, चहाच्या कपाबरोबर भरली जाई, आणि तिच्यांतले रोजचे आंकडे सख्ख्या भावंडांसारखे एकमेकांसारखे दिसत. आम्ही बंधूंस याबद्दल चार शब्द सुनावणार होतों. परंतु महिनाअखेर हजेरीपट एका बैठकींत भरणारे मास्तर आम्हीं जन्मभर पाहिले आहेत, व आम्ही स्वतः त्यांत कधींच मोडलों नाहीं असें शपथेवर सांगण्याची आमची तयारी नाहीं.

आम्ही जुन्या अकरावीच्या मॅट्रिकचे. पुढें पाठशाळेंत संस्कृत शिकलों आणि निवृत्त होईपर्यंत शाळेंत संस्कृत व मराठी शिकविलें. यंत्राशीं आमचा संबंध सायकलीपलीकडे गेला नाहीं. तेव्हां संगणकानें चालणाऱ्या कारखान्यांवर आम्हीं लेखणी उचलावी हें वाचकांस धाडसाचें वाटेल. परंतु बंधूंनीं नवीं यंत्रें घेण्यासाठीं आमच्या वडिलार्जित घराच्या कागदांवर बँकेचा बोजा चढविलेला आहे, आणि त्या कागदांवर आमचीही सही आहे. त्यामुळें हा विषय गेलें सव्वा वर्ष आमच्या ओसरीवर व स्वयंपाकघरांत आमच्याबरोबरच वावरतो आहे. त्यापायीं घरांत बापलेकांचा अबोला झाला, आणि एका जुन्या माणसापुढें आम्हांस मान खालीं घालावी लागली. जें पाहिलें तें सांगतों.

दांडे परत आल्यानंतर आठ दिवसांनीं जेवतांना पुतण्या म्हणाला, “बाबा, मशिनींची डायरी आपण कां लिहायची? त्यांची त्यांना लिहूं द्या ना.” हा मुलगा यंत्रशास्त्राचा पदवीधर. बंधूंनीं आमटी ओरपतां ओरपतां “हं” म्हटलें, आणि त्या “हं”चा अर्थ मुलानें होकार असा केला.

त्यानें काय केलें तें आम्हीं भोसरीला जाऊन पाहिलें. प्रत्येक यंत्राच्या मुख्य तारेभोंवतीं त्यानें बांगडीसारखें एक कडें बसविलें होतें. तार न तोडतां तिच्यांतून किती वीज वाहते हें त्या कड्याला कळतें. यंत्र बंद असेल तर वीज नाहीं. रिकामें फिरत असेल तर थोडी. टूल पोलादांत शिरलें कीं जास्त. आणि टूल बोथट झालें कीं तेंच काम करावयाला त्याहून जास्त. याशिवाय चकामागें जेथें बेअरिंग असतें तेथें बोराएवढी एक डबी चिकटविलेली. ती यंत्राचा कंप मोजते. हीं दोन्ही आपापला आंकडा दर क्षणाला भिंतीवरच्या पेटीकडे धाडतात आणि तेथून तो पडद्यावर उमटतो. यंत्र कापत असेल तर हिरवा पट्टा, थांबलें असेल तर तांबडा, कांहीं तरी बिनसूं लागलें असेल तर पिवळा. वीस वर्षांच्या जुन्या लेथलासुद्धां असें बोलतें करतां येतें आणि त्याला येणारा खर्च नव्या यंत्राच्या मानानें किरकोळ असतो, हें ऐकून बंधूंचा चेहरा प्रथमच जरा सैल झाला.

तिसरी गोष्ट आम्हांस फार आवडली. प्रत्येक दांड्याच्या तोंडावर आतां लेसरनें नखाएवढी एक चौकट कोरतात. तिच्यांतल्या ठिपक्यांत त्या दांड्याचें नांव, गोत्र, जन्मवेळ सर्व सांठविलेलें असतें. आम्हीं विचारलें, “ठिपके घासले गेले तर?” पुतण्या म्हणाला, “कांहीं घासले तरी उरलेल्यांवरून गेलेले काढतां येतात.” मूळ मजकुराबरोबर कांहीं जादा आंकडे असे गुंफलेले असतात कीं एक हरवला तर बाकीचे त्याची साक्ष देतात. ही युक्ति रीड आणि सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनीं १९६० सालीं मांडली. आम्हांस एकदम घनपाठ आठवला. पहिलें पद दुसऱ्याशीं, दुसरें पहिल्याशीं, मग तिन्ही सुलट, तिन्ही उलट, पुन्हां सुलट, असें एकच पद निरनिराळ्या सोबत्यांबरोबर अनेकदां येतें, तें तरी दुसऱ्या कशासाठीं? एका ठिकाणीं जीभ चुकली तर दुसऱ्या ठिकाणीं चूक उघडी पडते. सर्व शोध आमच्या पूर्वजांनीं आधींच लावून ठेविले होते असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. परंतु पुस्तकाशिवाय हजारों वर्षें मजकूर शुद्ध राखण्याचा प्रश्न त्यांच्यापुढें होता, आणि तेलांत बुडणाऱ्या दांड्यावर मजकूर शुद्ध राखण्याचा प्रश्न यांच्यापुढें आहे, एवढें साम्य मान्य करावयास हरकत नसावी.

या सर्व प्रकाराला इंग्रजींत ‘स्मार्ट फॅक्टरी’ म्हणतात. पुतणीनें त्याचें ‘शहाणा कारखाना’ असें भाषांतर केलें. मराठींत एखाद्याला शहाणा म्हणतात तेव्हां त्याचा अर्थ काय होतो हें तिच्या ध्यानांत आणून देऊन आम्हीं तें नामंजूर केलें. १९६८ पर्यंत मोठ्या कारखान्यांतील यंत्रांचा क्रम विजेच्या शेंकडों खटक्यांच्या कपाटांनीं ठरत असे आणि मोटारीचा नमुना बदलला कीं सारीं कपाटें नव्यानें जोडावीं लागत. त्या सालीं अमेरिकेंत डिक मॉर्ले आणि त्यांचे सोबती यांनीं असें यंत्र कल्पिलें कीं तारा न हलवितां नुसता क्रम लिहून बदलतां यावा; पुढच्या वर्षीं ‘मॉडिकॉन ०८४’ या नांवानें तें बाहेर पडलें. जर्मनींतील आम्बेर्ग येथें सीमेन्स कंपनीचा १९८९ पासूनचा कारखाना असलींच नियंत्रक यंत्रें बनवितो, आणि तीं बनविण्याचें बहुतेक काम तसल्याच यंत्रांकडून करवून घेतो. तितक्याच जागेंत व जवळजवळ तितक्याच माणसांत आपलें उत्पादन दहापटीहून अधिक वाढलें असें ती कंपनी सांगते. ‘इंडस्ट्री ४.०’ हा शब्द रूढ झाला तो २०११ च्या हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनापासून: पहिली क्रांति वाफेची, दुसरी विजेची, तिसरी संगणकाची, आणि ही चौथी, यंत्रांनीं एकमेकांशीं बोलण्याची.

आमच्या मनांत मात्र भरला तो जपानी माग. साकिची टोयोडा यांनीं १९२४ सालीं पुरा केलेला माग धागा तुटला कीं आपोआप थांबत असे. अशी सोय नसलेला माग तुटल्या धाग्यानिशीं वारभर सदोष कापड विणून मोकळा होई, म्हणून प्रत्येक मागावर एक माणूस डोळे लावून बसवावा लागे. इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या मागाच्या कारखानदारांनीं १९२९ सालीं या शोधाचे हक्क विकत घेतले, आणि साकिचींच्या मुलानें पुढें मोटारी काढल्या. आपल्याला चूक होत आहे हें कळून थांबणें हा गुण आम्हीं यंत्रांत तर सोडाच, परंतु विद्यार्थ्यांतही फारसा पाहिला नाहीं.

असो. पडदा लागला आणि घरांत वादळ झालें. आठ तासांच्या पाळींत आपलीं यंत्रें सहा-साडेसहा तास तरी कापतात अशी बंधूंची तीस वर्षांची समजूत. पडदा म्हणाला, साडेतीन तास. पुतण्यानें आम्हांस या हिशोबाचें गणित समजावून दिलें. यंत्र ठरल्या वेळेपैकीं किती वेळ चाललें, चाललें तेव्हां ठरल्या गतीच्या मानानें किती गतीनें चाललें, आणि काढलेल्या मालांत चांगला किती, या तीन अपूर्णांकांचा गुणाकार करावयाचा. मुलगा तीन विषयांत नव्वद-नव्वद गुण मिळवून आला तर आपण पेढे वांटतों. कारखान्याला तीन विषयांत नव्वद मिळाले तर गुणाकार येतो ७२.९. शंभरांत ८५ आले तर कारखाना जगांतल्या उत्तम कारखान्यांत गणतात. बंधूंचा गुणाकार आम्ही येथें छापीत नाहीं. ते हें मासिक वाचतात.

बंधूंनीं अर्थ लावला तो सरळ: माणसें काम करीत नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं कारखान्यांत सर्वांना उभें करून जें सुनावलें तें ऐकावयास आम्ही नव्हतों, परंतु त्याचा परिणाम पाहिला. मिस्त्री बोलेनासे झाले. हे मिस्त्री कुंडलच्या बाजूचे. कारखाना निघाला त्या दिवसापासून बंधूंपाशीं आहेत. पुतण्याला त्यांनीं अंगाखांद्यावर खेळविलेलें. त्यांना वाटलें, तीस वर्षांनीं आपल्यावर पहारा बसला. पुढें दोनदां तीन नंबरच्या लेथच्या डबीची तार सुटलेली सांपडली. बंधू म्हणाले, “पाहा!” आम्हांस तेव्हां किर्लोस्करवाडीची गोष्ट आठवली. औंध संस्थानांतल्या कुंडलजवळच्या उजाड माळावर १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कारखाना उभारला. त्यांचा लोखंडी नांगर प्रथम खपेना, कारण लोखंडानें जमिनीला विष चढेल अशी शेतकऱ्यांस भीति. ती खोटी होती. परंतु भिणारे वेडे नव्हते. जमीन त्यांची होती आणि नांगर दुसऱ्याचा होता.

पुतण्यानें मग एक शहाणपणाची गोष्ट केली. प्रत्येक यंत्रापाशीं त्यानें सहा बटणें बसविलीं. यंत्र थांबलें कीं कामगारानें कारणाचें बटण दाबावयाचें. कच्चा माल नाहीं, गेज दुसऱ्याकडे आहे, वीज गेली, सेटिंग चालू आहे, यंत्र बिघडलें, आणि टूलची वाट पाहत आहें. तीन आठवड्यांनीं बेरीज काढली. सर्वांत मोठा आंकडा शेवटच्या बटणाचा निघाला. टूलच्या महाग टोंकांचें कपाट कुलपांत असे, आणि किल्ली असे बंधूंच्या कमरेला. बंधू बँकेंत गेले, गिऱ्हाइकाकडे गेले, दुपारीं घरीं येऊन पाऊण तास आडवे झाले, कीं टोंक झिजलेलें यंत्र उभें राही, नाहींतर कामगार बोथट टोंकानेंच काम रेटी. मुलानें हें बापाला सर्वांसमोर दाखविलें. तेवढी त्याची चूक झाली. एकांतांत दाखवावयास हवें होतें. नऊ दिवस बापलेक एकाच पंक्तीला बसून मीठ मागावयाचें तर आमच्यामार्फत मागत होते. दहाव्या दिवशीं भावजयीनें बंधूंच्या सदऱ्याबरोबर किल्ली काढून मिस्त्रींकडे पाठवून दिली, आणि त्या विषयावर घरांत पुन्हां कोणी बोललें नाहीं.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, व्हर्नियर आणि गेजें पाटावर मांडलेलीं. पुतण्यानें त्यांच्या शेजारीं पडद्याची पेटी ठेवली. मिस्त्रींनीं सर्व हत्यारांना फूल वाहिलें. पेटीपाशीं त्यांचा हात क्षणभर थबकला आणि मग तिलाही वाहिलें. आम्हांस वाटलें, संपलें.

कार्तिकांत तीन नंबरच्या लेथचा पट्टा पिवळा झाला. कंप वाढला होता. पुतण्यानें मिस्त्रींस विचारलें. त्यांनीं लांब पेंचकसाचें टोंक बेअरिंगच्या घरावर टेकविलें, मूठ कानाला लावली, डोळे मिटून ऐकलें आणि म्हणाले, “काही नाही. ठणठणीत आहे.” वैद्याची नळी असते तशी ही कारखान्यांतली जुनी रीत आहे. पुतण्यानें मिस्त्रींच्या कानावर विश्वास ठेविला आणि पडद्याच्या पिवळ्या पट्ट्याकडे काणाडोळा केला. बाराव्या दिवशीं रात्रपाळींत बेअरिंग जाम झालें, चालू जॉब फुकट गेला आणि यंत्र चार दिवस बंद राहिलें.

भोसरीला गुरुवारीं सुट्टी असते. त्या गुरुवारीं दुपारीं मिस्त्री आमच्या ओसरीवर येऊन बसले. बंधू घरीं नव्हते. हें पाहूनच आले असावेत. पाण्याचा तांब्या संपवून बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मास्तर, दोन वर्षं झाली, मला वरचा आवाज ऐकूच येत नाही.”

पुढें जें बोलले त्याचा सारांश देतों. माणसांचें बोलणें त्यांना कळतें, मोटारीचा भोंगा कळतो. परंतु बारीक, उंच सूर, जो बेअरिंग झिजूं लागल्यावर प्रथम उमटतो, तो त्यांच्यापुरता नाहींसाच झाला आहे. वैद्यशास्त्र सांगतें कीं सतत गोंगाटांत राहणाऱ्याची श्रवणशक्ति प्रथम सेकंदाला ४००० कंपनांच्या आसपासच्या स्वरांपाशीं खचते. साधें संभाषण बरेंचसें त्याच्या खालीं चालतें, म्हणून घरच्यांच्याही हें ध्यानांत येत नाहीं. तीस वर्षांपूर्वीं कानांत बोळे घालावे असें त्यांस कोणीं सांगितलें नाहीं, बंधूंनींही नाहीं. डबीची तार दोन्ही वेळां त्यांनींच काढली होती. “ती डबी ऐकते मास्तर. मी नुसता पेंचकस कानाला लावून उभा राहतो. चार महिने झोप नाही.”

आम्हीं त्यांना हेंच बंधूंना सांगावयास लावलें. बंधू बराच वेळ अंगणांतल्या तुळशीकडे पाहत बसले आणि मग म्हणाले, “उद्यां कानाच्या डॉक्टरकडे जाऊं.” त्या दोघांत त्याहून अधिक बोलणें झालें नाहीं.

वहीची कल्पना पुतण्याची. मिस्त्रींचा कान गेला तरी त्या कानानें, डोळ्यानें व हातानें तीस वर्षांत जें जमविलें तें डोक्यांत आहे. तें उतरून घ्यावें. मिस्त्री लिहिणारे नव्हेत, आणि त्यांचें बोलणें पुतण्याच्या इंग्रजी तक्त्यांत बसेना. तेव्हां लिहिण्याचें काम आम्हांकडे आलें. दर गुरुवारीं दुपारीं ते सांगत आणि आम्ही लिहीत असूं. चांगला कीस कसा दिसतो? हायस्पीड टूलचा कीस निळा पडला तर टूलला ताप चढला समजावें. कार्बाइडच्या टोंकाला निळा चालतो, उष्णता किसाबरोबर निघून जाते. सकाळीं गार यंत्रावर निघालेल्या पहिल्या जॉबांचें माप खरें मानूं नये. यंत्र आधीं रिकामें फिरवावें. चकांत दांडा धरतांना किती आवळावा हें सांगतांना त्यांनीं आमचें मनगट धरलें, आणि तें लिहावें कसें हें आम्हांस अजून उमगलेलें नाहीं.

एका गुरुवारीं ते ११ दांडे निघाले. मिस्त्रींनीं विचारलें, “जाड किती, बारीक किती?” आम्हीं त्या पहांटेची टिपणें काढलीं. सर्वच्या सर्व बारीक. मिस्त्री हंसले. “मग गरम मोजले असणार. रात्री नवा पोरगा होता. कूलंट तुंबलं असेल.” पोलाद तापलें कीं फुगतें. ४० मिलिमीटर जाडीचा दांडा ३० अंशांनीं तापला तर सुमारें १४ मायक्रॉन फुगतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या पांचव्या-सहाव्या हिश्श्याइतका. मुलानें ऊन दांडा मोजला, तो जाड भरला, म्हणून यंत्र आणखी आंत घेतलें. दांडा निवाल्यावर बारीक झाला. कंप मोजणाऱ्या डबीला किंवा वीज मोजणाऱ्या कड्याला हें कळलें नसतें, कारण दोघांनाही कोणीं तें विचारलें नव्हतें. आतां तेथें उष्णता मोजणारा एक डोळा बसविला आहे आणि दांडा निवल्याशिवाय मोजमाप घेतलेंच जात नाहीं. त्या डोळ्याला काय पाहावयाचें तें मिस्त्रींनीं सांगितलें आहे.

वही कागदावरच राहूं द्यावी हा आग्रहही पुतण्याचाच, याचें आम्हांस नवल वाटलें. त्याचें कारण त्यानें नॉर्वेचें सांगितलें. नॉर्स्क हायड्रो ही अल्युमिनियमची मोठी कंपनी. २०१९ सालीं तिचीं ४० देशांत सुमारें ३५,००० माणसें होतीं. १९ मार्च २०१९ रोजीं कोणी चोरांनीं तिच्या संगणकांत शिरून हजारों संगणकांतला मजकूर कुलूपबंद केला आणि किल्लीसाठीं खंडणी मागितली. कंपनीनें खंडणी दिली नाहीं. कारखाने हातांनीं चालवावयाचें ठरलें. कागदावरच्या जुन्या नोंदी शोधून काढल्या, आणि कित्येक ठिकाणीं निवृत्त झालेले जुने कामगार आपण होऊन परत आले व तरुणांना पूर्वीं हें कसें चालत असे तें दाखवूं लागले. नुकसान कोट्यवधि डॉलरांचें झालें, परंतु कंपनी तगली. हें आम्हीं मिस्त्रींस वाचून दाखविलें. त्यांनीं एकच विचारलें: “ते म्हातारे परत आले, त्यांना रोज मिळाला का?” आम्हांस ठाऊक नव्हतें.

वही पाऊणशे पानांची झाली तेव्हां, माघांत, पेन खालीं ठेवल्यावर मिस्त्री म्हणाले, “मास्तर, हे सगळं लिहून झालं. मग माझं काय?”

विद्या दिल्यानें वाढते, अशा आशयाचें सुभाषित आम्हीं दरवर्षीं जूनमध्यें फळ्यावर लिहीत आलों. तें आमच्या जिभेवर आलें आणि तेथेंच थांबलें. आम्हीं विद्या दिली तिचा दर महिन्याला पगार घेतला आणि आतां निवृत्तिवेतन घेतों. देऊनही आमच्याजवळचें कांहीं कमी झालें नाहीं, कारण संस्कृत शिकलेल्या मुलानें आमची नोकरी घेतली नाहीं. मिस्त्री देत होते ती गोष्ट निराळी होती. तीं पाऊणशे पानें पेटींत उतरलीं कीं नवा मुलगा चौथा हिस्सा पगारांत तें काम करूं शकेल, हें त्यांना दिसत होतें आणि गोड बोलून त्यांच्याकडून तें काढून घेणारे आम्ही होतों. आम्हीं मान खालीं घातली ती येथें.

त्या रात्रीं आम्हीं बंधूंशीं बोललों. वही मिस्त्रींच्या नांवानें राहावी. तिच्यावरून जो मुलगा शिकेल त्याला मिस्त्रींनींच शिकवावें. आणि ते जोंवर येऊं शकतील तोंवर अर्ध्या दिवसाच्या कामास पुरा पगार द्यावा. बंधू म्हणाले, “दादा, तुझं बरोबर आहे, पण बँकेचा हप्ता तुला माहीत आहे.” तें खरेंच होतें. पंधरा दिवस गेले. पुतण्यानें कागद-पेन्सिल घेऊन दाखविलें कीं परत आलेल्या एका खेपेचा खर्च मिस्त्रींच्या किती पगारांइतका होतो. बंधूंनीं होकार दिला. कारखाना पुढें मुलाच्या हातीं जाईल, मुलगा आज भला आहे. परंतु पुढें घरांत सुना येतील, गिऱ्हाइकें भाव पाडतील, तेव्हां हा शब्द कोण पाळील हें आम्हांस सांगतां येत नाहीं. शब्द कागदावर असावा असें आम्हीं सुचविलें. तो कागद अजून झालेला नाहीं. आम्ही दर महिन्याला आठवण देतों आणि बंधू दर महिन्याला “हं” म्हणतात.

मिस्त्रींना आतां कानांतलें यंत्र मिळालें आहे. कारखान्यांत तें घालवत नाहीं, सगळाच गोंगाट मोठा होतो, असें ते म्हणतात. गेल्या आठवड्यांत आम्ही भोसरीला गेलों तेव्हां ते पडद्यापुढें खुर्ची घेऊन बसले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पुतण्यानें कंपाच्या निरनिराळ्या सुरांच्या वेगवेगळ्या रेघा काढावयाची सोय केली आहे. खालचा सूर खालीं, उंच सूर वर. त्यांच्या मागें दोन नवीं मुलें उभीं होतीं. आम्हांस पाहतांच त्यांनीं बोट वरच्या रेघेवर ठेविलें. तेथें केसाएवढीं टोंकें ओळीनें उठत होतीं.

“हा बघा मास्तर,” ते म्हणाले, “हा तो वरचा. पाच नंबरचा आहे. अजून महिनाभर तग धरेल.”